एक वाजून अकराची नोंद

माझ्या दुकानात येणारा माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो. "ताई, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." कीबोर्डातून चहा ठिबकत असतो, तरी त्याने काहीच केलेलं नसतं. थेरगावात डांगे चौकाजवळ सोळा वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करतेय. आधी याच गाळ्यात अब्बा मोटारी रिवाइंड करायचे. आता बोर्डावर 'साबिया कॉम्प्युटर्स' असं ठळक लिहिलंय, तरी निम्मे लोक आत डोकावून विचारतात, "भाऊ नाहीत का?" भाऊ आहे, पण त्याला माउसचा सेलसुद्धा बदलता येत नाही.

तर या अनुभवामुळे मी माणसाचं ऐकणं सोडून दिलंय. मी मशीनचं ऐकते. प्रत्येक लॅपटॉप आतल्या आत एक वही लिहीत असतो. कधी सुरू झाला, कधी बंद झाला, कोणी बंद केला, सगळं वेळेसकट. त्याला लॉग म्हणतात. लॉगला नोकरी टिकवायची नसते आणि बापाला घाबरायचं नसतं, म्हणून तो खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असते. मैत्री नावाच्या एका पोरीलाही ऐकवलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

ती गुरुवारी सकाळी आली, मी शटर वर करत होते तेव्हाच. तेवीस-चोवीस वर्षांची, बारीक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर बॅग. म्हणाली, "ताई, उघडायचा नाहीये. कंपनीचा आहे, सील आहे. फक्त लॉग बघून द्या. आणि एका कागदावर लिहून द्या की हार्डवेअरचा फॉल्ट आहे."

"आधी निकाल, मग तपास?" मी म्हटलं. "बस."

तिने जे सांगितलं ते असं. हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत ती टेस्टिंग करते. सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून काम. महिन्याभरापासून दुपारी एक वाजता ती एक मोठी टेस्ट लावते. ती दीड तास आपली आपण चालते, नुसतं मशीन चालू राहिलं पाहिजे. पण तेवढ्यात नऊ वेळा ते मधेच बंद पडलं. नऊ वेळा टेस्ट वाया. कंपनीने बॅटरी बदलली, मग चार्जर बदलला, शेवटी अख्खा लॅपटॉप बदलून दिला. नवाही बंद पडला.

"आणि ऑफिसात?" मी विचारलं.

"ऑफिसात एकदाही नाही. म्हणून तर सिद्धेश सर म्हणतात की मीच बंद करून झोपते." तिचा आवाज चिरकला. "माझं प्रोबेशन या आठवड्यात संपतंय. उद्या संध्याकाळी सहापर्यंत लॉगसकट लेखी कारण द्यायचं. पटलं नाही तर कायम करणार नाहीत. आमच्या घरात आता माझाच पगार आहे, ताई. पप्पा सहा महिन्यांपूर्वी रिटायर झाले."

मी लॉग उघडला. नोंदी होत्याच. एक्केचाळीस नंबरची नोंद लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर लिहितो, की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. तिच्याबरोबर दुसरी नोंद असते, तिच्यात आधी नेमका किती वाजता बंद पडला ती वेळ.

"हे मीही बघितलं," ती घाईने म्हणाली. "नेटवर लिहिलंय की एक्केचाळीस म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम. हो ना?"

"नेटवर पुढचं पान कुणी वाचत नाही." मी त्या नोंदीचा तपशील उघडला. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते. पॉवरचं बटन बराच वेळ दाबून धरलं होतं का? वीज गेली असेल, बॅटरी मेली असेल तर तिथे 'नाही' येतं. इथे 'हो' होतं. दुसऱ्या तारखेची एक्केचाळीस नंबरची उघडली. हो. तिसरी. हो. या लॅपटॉपवरच्या पाचही नोंदींत हो.

मी खुर्ची मागे ढकलली. माझं डोकं फिरलं होतं, खरं सांगते. सकाळी सकाळी एक पोरगी डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडून खोटा कागद काढू बघतेय, असंच मला वाटलं. "हे बघ, मशीनला काही झालेलं नाही. कुणीतरी बटनावर बोट ठेवून, दिवा विझेपर्यंत दाबून धरलंय. पाच वेळा. लॅपटॉपवर तूच असतेस ना? माणूस खोटं बोलतो, लॉग बोलत नाही. कंपनीला खरं सांग आणि मोकळी हो."

तिला वाटलं असावं मी थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बदलला. "मी नाही दाबलं," ती एवढंच म्हणाली. पाचही नोंदींचा कागद मी छापून पुढे सरकवला, तो तिने घेतला नाही. लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि गेली. चार्जर माझ्या टेबलावरच राहिला.

दिवसभर तो कागद समोर पडून होता. दुपारी डबा खाताना नजर त्याच्यावर गेली आणि घास हातातच राहिला. एक वाजून अकरा. एक वाजून दहा. एक वाजून अकरा. एक वाजून बारा. एक वाजून अकरा.

झोपायला म्हणून लॅपटॉप बंद करणारी पोरगी कधी सव्वाला करेल, कधी दोनला, एखाद्या दिवशी विसरेल. कामचुकार माणूस इतका वक्तशीर नसतो. या वेळा कुणीतरी घड्याळ बघून पाळलेल्या होत्या, रोज गोळी घ्यावी तशा. मी लॉग वाचला होता, पण त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आणि एका रडवेल्या पोरीला खोटारडी म्हणून बसले होते. मला माझाच राग आला.

बिलासाठी तिने पत्ता लिहिला होता. शुक्रवारी दुपारी साडेबाराला मी शटर अर्धं ओढलं, चार्जर, तो छापलेला कागद आणि लेटरहेडचं पॅड पिशवीत टाकलं आणि निघाले. दुकानापासून दहा मिनिटांवर, गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दारावर निळ्या अक्षरांत 'भिवा तुकाराम कांबळे' अशी पाटी.

मैत्रीने दार उघडलं. मला बघून तिचं तोंड उतरलं, पण दारातून परत पाठवण्याची तिची रीत नव्हती. मी चार्जर पुढे केला आणि हळूच म्हटलं, "तुझी माफी मागायला आले. आणि एक वाजून दहा मिनिटांनी मला इथे बसायचंय. बसू?"

"बसा," ती म्हणाली. "पण पप्पांना काही कळू देऊ नका. नोकरीचं त्यांना सांगितलेलं नाही. बीपी आहे."

बाहेरच्या खोलीत एक पलंग, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीखाली टेबल. टेबलावर लॅपटॉप. पलंगावर साठीचा धिप्पाड माणूस पेपर वाचत होता. मी नमस्कार केला तर त्यांनी कानाला हात लावून दाखवला आणि मोठ्याने म्हणाले, "जोरात बोला ताई! तेहतीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपला हुतो, कान तिथंच ठिवून आलो!"

"जय भीम काका! चार्जर द्यायला आले!" मी ओरडले.

"जय भीम, जय भीम! मंग जेवूनच जावा!"

एक वाजता मैत्रीने टेस्ट लावली. लॅपटॉपचा पंखा फिरू लागला. ती आतल्या खोलीत भाकरी टाकायला गेली. नंतर तिने मला सांगितलं, काका सव्वाच्या ठोक्याला जेवतात. कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. रिटायर झाले तरी पोट त्याच शिफ्टला आहे. गरम भाकरी मिळावी म्हणून ती एक वाजताच टेस्ट लावते आणि स्वयंपाकाला लागते.

एक वाजून नऊ मिनिटांनी काका उठले. मोरीत जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले. मग टेबलापाशी आले, खुर्ची रिकामी आहे हे बघितलं आणि उजव्या हाताचा तळवा लॅपटॉपवर सपाट ठेवला. क्षणभर तसाच ठेवला. मान हलवली. मग बटनावर अंगठा टेकवला आणि दिवा विझेपर्यंत दाबून धरला. पुन्हा एकदा तळवा ठेवून खात्री केली. हे सगळं त्यांनी इतक्या मन लावून केलं की मी आवाजसुद्धा काढू शकले नाही. मनगटावरच्या घड्याळात एक वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"या ताई, जेवायला," ते म्हणाले.

आतून मैत्री ताट घेऊन आली आणि काळा पडदा बघून दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बोट केलं. दुसरं काय करणार होते?

ताट तिने पलंगावर आदळलं. "पप्पा! तुम्ही? रोज तुम्हीच बंद करता?"

"व्हय," काका म्हणाले. त्यांना तिचे शब्द ऐकू आले की चेहरा वाचला, देव जाणे. "तू जागा सोडतीस नव्हं, मशीन तशीच चालू ठिवून. गरम असती, थरथरत असती. मी बंद करतो. आल्यावर तू चालू करतीस. त्यात काय?"

"त्यात काय?" मैत्री रडायलाच लागली. मग एक महिना दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नऊ टेस्ट, बदललेला लॅपटॉप, सिद्धेश सर, आज सहाची मुदत. इतक्या जोरात की समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. काका उभेच होते. त्यांनी तिचं बोलणं मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"आणि मी तुला सांगितलं न्हाई, तुला बोलल्यागत वाटंल म्हणून. पोरगी इंजिनेर, तिला मी काय मशीन शिकवायची." ते खाली बसले. त्यांना एकदम म्हातारपण आल्यासारखं वाटलं मला, आणि फार वाईट वाटलं.

मी घड्याळाकडे बघितलं. सहा वाजायला साडेचार तास होते. मनात एक सोपा रस्ता आला आणि मी तो बोलूनही टाकला. "मैत्री, माझ्या लेटरहेडवर लिहून देते. बटन अडकतं, आतला स्विच खराब, आपोआप दाबला जातो. कोणी उघडून बघणार नाही. विषय संपला." लॉग खोटं बोलत नाही म्हणून सोळा वर्षं मिरवणारी मी, आणि ही माझी अक्कल. पण त्या घटकेला मला त्या दोघांपेक्षा लॉग महत्त्वाचा वाटला नाही, हेही खरंच आहे.

मैत्रीने डोळे पुसले. "चालेल, ताई?" तिच्या आवाजात आशा होती.

"काय म्हनती ती?" काकांनी विचारलं. मैत्रीने पेपराच्या कडेला लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पेपराची घडी घातली.

"न्हाई. कागदावर खोटं न्हाई लिवायचं."

"पप्पा, माझी नोकरी जाईल!"

"ऐक. तुला म्हाईत न्हाई ते सांगतो." काकांचा आवाज आता बारीक झाला. "भोसरीला मी पहिल्या कंपनीत हुतो, तुझ्या जन्माच्या आधी. सात नंबरचा प्रेस माझा. शेजारी भीमराज."

"भीमराजकाका? उदगीरचे?"

"व्हय, त्योच. जेवायचा भोंगा झाला, मी मशीन चालूच ठिवून गेलो. रांगेत पुढं जायला मिळंल म्हणून. मागनं भीमराज आला. पत्रा अडकला हुता, त्यो काढाया हात घातला. त्याला वाटलं मशीन बंद हाय. शॉपमधी इतका आवाज, चालू-बंद कानाला कळत न्हाई, हात ठिवूनच कळतं. त्याचाच पाय पॅडलवर पडला, प्रेस खाली आला." त्यांनी आपली तीन बोटं दुमडली. "ही तिन्ही."

मैत्रीने ताट बाजूला सरकवलं.

"रजिस्टरला लिवलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मशीन बंद न करता हात घातला. सुपरवायझर म्हनला, साक्षीदार म्हणून सही कर, न्हाईतर दोघंबी घरी. मी केली. भीमराज एकटा घरी गेला. त्याला अजून वाटतं त्याचीच चूक. म्हनतो, भिवा, मीच आंधळ्यागत हात घातला." काकांनी तळवा उलटा करून बघितला. "तवापासनं बिनमाणसाची चालू मशीन मला बघवत न्हाई. आता सांग, तुझ्याबी रजिस्टरला खोटंच लिवू?"

मैत्री त्यांच्या शेजारी बसली. मग आतून वही आणि पेन घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मैत्रीने सांगितलेल्या आधीच्या चार तारखा आणि माझ्या कागदावरच्या पाच, त्यांत आजची धरून दहा. पुढे मजकूर: 'वरील सर्व वेळी लॅपटॉप मी, भिवा तुकाराम कांबळे, सेवानिवृत्त प्रेस ऑपरेटर, हाताने बंद केला. माझ्या मुलीला याची माहिती नव्हती. माणूस जागेवर नसताना मशीन बंद करणे ही माझी सवय आहे. चूक माझी आहे.' खाली सही, तारीख, वेळ. मी माझ्या लेटरहेडवर लॉगचा अर्थ लिहिला, खरा तोच, आणि साक्षीदार म्हणून सही केली. मैत्रीने दोन्ही कागदांचे फोटो काढून लॉगसकट कंपनीला पाठवले. जेवण गार झालं होतं. तिघांनी तसंच खाल्लं.

निघताना काकांनी मला विचारलं, "या मशीनला टॅग लावत न्हाईत का?" कंपनीत म्हणे मशीनवर काम चालू असेल तर लाल पाटी टांगतात, आणि ज्याने टांगली त्याच्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही, मालकसुद्धा. मी म्हटलं, लॅपटॉपला असं काही नसतं. "मंग चुकतंय तुमचं," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी मैत्रीचा फोन आला. मागून काकांचं ओरडणं ऐकू येत होतं. सिद्धेश सरांनी व्हिडिओ कॉल लावून काकांनाच बोलावलं होतं. काका स्क्रीनसमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय, हजेरी पोरीची कापू नका." सरांना काय वाटलं माहीत नाही. मैत्री म्हणाली, त्यांचे वडीलही चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात होते, तेही असेच ओरडून बोलतात. ती कायम झाली. पत्र संध्याकाळी येणार होतं. माझा जीव भांड्यात पडला. "आणि ताई, टेस्ट पूर्ण झाली. पप्पांनी पुठ्ठ्याला लाल कागद चिकटवून पाटी केलीय. मी ती टांगून भाकरी टाकायला गेले. आतून बघितलं, तर ते हात धुऊन एक वाजून दहाला आले, पाटी वाचली आणि हात मागे बांधून उभे राहिले."

मला वाटलं, संपलं. पण शनिवारी सकाळी काका एकटेच दुकानात आले. खिशातून घडी केलेला वहीचा कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"टाईप करून दे, ताई. माझं अक्षर त्याला लागायचं न्हाई."

मी घडी उलगडली. वर 'प्रति, भीमराज' लिहिलं होतं. मग तारीख, पहिली पाळी, जेवणाची सुट्टी, प्रेस नंबर सात. 'मशीन मी चालू ठेवून गेलो होतो. तुझी चूक नव्हती. रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं गेलं, खाली सही माझी आहे.' बस, एवढंच. माफीचा शब्दही नव्हता. बहुतेक तो मागायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटत असावं.

मी वहीवर लिहून विचारलं, 'इतक्या वर्षांनी?'

"मैत्रीनं समजावलं मला. तुमच्या मशीनची ती वही बंद पडताना लिवत न्हाई म्हनं. पुन्हा चालू झाल्यावर लिवती, मागच्या टायमाला काय झालं ते." ते थोडं हसले. "मला चालू व्हायला उशीर झाला."

'फोन करायचा,' मी लिहिलं.

"दर चौदा एप्रिलला त्याचा फोन येतो, जय भीम घालाया. मला ऐकू येत न्हाई, पोरगीच घेती आणि मला सांगती. हे तिच्या तोंडून कसं सांगू? माझं मीच सांगाया पायजे."

मी टाईप करायला घेतलं. डोळे भरून आले होते, दोनदा चूक झाली. छापून दिलं तेव्हा काकांनी कागद लांब धरून शब्द न् शब्द वाचला, सही केली, आणि पेन हातातच धरून थांबले. मग सहीच्या खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली आणि कागद माझ्याकडे वाचायला दिला.

'काय शिव्या द्यायच्या त्या लिहून पाठव. फोनवर मला ऐकू येणार नाहीत.'